रेकॉर्डचे कपाट आणि बाळाचा पाळणा

या आठवड्याच्या टपालात सोलापूरच्या एका भगिनीचे पत्र आहे. चार पाने, दोन्ही बाजूंनी लिहिलेली, आणि शेवटी समासात आडवी ओळ : ‘उत्तर लवकर द्या, तिकीट काढून झाले आहे.’

पत्राचा मथितार्थ असा. त्यांचा एकुलता एक मुलगा अमेरिकेत, वॉशिंग्टन शहरालगत मेरीलँडमध्ये नोकरीला आहे. सुनेला सातवा महिना लागला आहे. बाळंतपणासाठी या सहा महिने तिकडे निघाल्या आहेत. दुपटी शिवून झाली, डिंकाचे लाडू डब्यात भरून झाले आणि परवा सुनेचा फोन आला. ‘आई, आता तुम्हीच यांना सांगा. बाळासाठी म्हणून जी खोली ठेवली होती ती रेकॉर्डनी भरून गेलीय. पाळणा ठेवायला जागा नाही. बरं, गाणी तरी चांगली असावीत! नुसती आरडाओरड. आणि एकेका रेकॉर्डचे पैसे ऐकाल तर चक्कर येईल.’

हा मुलगा कॉलेजात असल्यापासून ‘हार्डकोअर पंक’ नावाच्या संगीताच्या जुन्या रेकॉर्ड जमवतो आहे. आई लिहितात, ‘मी सांगितलं तर तो विकून टाकील. आजवर त्यानं माझा शब्द मोडलेला नाही. पण विकायला लावल्यावर तो माझ्याशी पूर्वीसारखा बोलेल का, एवढंच मला कळत नाही. तुम्ही सांगाल तसं करीन.’

एरवी अशा पत्राला मी दोन ओळींत उत्तर दिले असते. जुने काढा, पाळण्याला जागा करा! माळ्यावरची अडगळ काढा म्हणून मी या पानावर किती वेळा कानीकपाळी ओरडले आहे ते तुम्हांला माहीतच आहे. पण या अडगळीच्या बाबतीत माझे तोंड बंद आहे. याच जातीच्या रेकॉर्डपायी मी स्वतः एकदा सगळ्या घरापुढे खजील झाले आहे. ते आधी सांगते, मग उत्तराकडे वळू.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, १९६९ साली भावजींबरोबर अमेरिकेला गेली. तीही मेरीलँडलाच. तिचा मुलगा तिथेच लहानाचा मोठा झाला. २००३ च्या जुलैत मी तिच्याकडे महिनाभर राहिले होते. भाचा तोवर लग्न होऊन वेगळा राहत होता, पण त्याचे दोन खोके अक्काच्या तळघरात तसेच पडलेले होते. तिकडे बहुतेक घरांना तळघर असते आणि उन्हाळ्यात तिथे चांगली ओल धरते. खोके उघडले तर कुबट वास! आत कागदी कव्हरांतल्या छोट्या छोट्या काळ्या रेकॉर्ड.

आता तुम्हीच सांगा, ओलीचा वास आला की आपण काय करतो? ऊन दाखवतो. गोधड्यांना दाखवतो, डाळींना दाखवतो, गव्हाला दाखवतो. मी मोठ्या हौसेने मागच्या दारच्या लाकडी ओट्यावर जुनी चादर अंथरली, रेकॉर्ड कव्हरांतून काढून ओळीने मांडल्या, कव्हरे सावलीला ठेवली आणि आत येऊन पुरणाची डाळ शिजायला टाकली. दीड-दोन तासांनी बाहेर येऊन बघते तो पाच-सहा रेकॉर्डच्या कडा उचललेल्या. एक तर भाजलेल्या पापडासारखी वळलेली!

संध्याकाळी भाचा आला. ती वळलेली रेकॉर्ड त्याने दोन्ही तळव्यांत कडेने धरली, डोळ्यांसमोर आडवी नेऊन पाहिली आणि म्हणाला, ‘असू दे, मावशी.’ एवढेच. रागावला असता तर मला बरे वाटले असते. जेवताना पुरणपोळीही एकच घेतली त्याने.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. तो सकाळीच आला, चहाचा कप घेऊन माझ्याशेजारी बसला आणि म्हणाला, ‘मावशी, ती रेकॉर्ड काय आहे ते तुला सांगू का?’ त्याने जे सांगितले आणि पुढे मी जे विचारून, वाचून घेतले, ते तुमच्यापुढे ठेवते. अर्धे उत्तर त्यातच आहे.

आरडाओरड कुणाची?

हार्डकोअर पंक म्हणजे गिटार, ड्रम आणि गळा हे तिघेही बस सुटल्यासारखे पळताहेत असे संगीत. गाणे एखाद-दीड मिनिटाचे. १९७८ ते १९८१ च्या सुमारास कॅलिफोर्नियात आणि वॉशिंग्टनमध्ये तरुण पोरांनी ते वाजवायला सुरुवात केली. त्यातली कित्येक तर अजून शाळेत जाणारी होती. कॅलिफोर्नियातल्या ‘ब्लॅक फ्लॅग’ या बँडची (आपला लग्नातला बँड नव्हे बरं का!) पहिली रेकॉर्ड १९७९ साली निघाली. तिच्यावर गाणी चार, आणि चारही मिळून जेमतेम पाच मिनिटांच्या वर. म्हणजे गॅसवर दूध ठेवावे आणि ते उतू जायच्या आत रेकॉर्ड संपावी! ती काढली बँडमधल्याच ग्रेग गिन या गिटारवाल्याने. कव्हरावरचे चित्र त्याच्या धाकट्या भावाचे. हा भाऊ, रेमंड पेटिबॉन, पुढे मोठा चित्रकार म्हणून नावारूपाला आला.

वॉशिंग्टनमध्ये ‘बॅड ब्रेन्स’ नावाचा चार कृष्णवर्णीय तरुणांचा बँड होता. आधी ते जॅझच्या वळणाचे अवघड संगीत वाजवीत. हात असा तयार असल्यावर त्यांनी इतक्या वेगात वाजवायला घेतले की ऐकणाऱ्याला श्वास घ्यायला सवड मिळू नये. त्यांना पाहून शहरातली शाळकरी मुले पेटली. त्यांतच ‘टीन आयडल्स’ नावाचा चार मुलांचा बँड होता. इयन मकाय आणि जेफ नेल्सन हे त्यांतले दोघे.

या मुलांनी कार्यक्रमांचे पैसे खाण्यापिण्यात उडवले नाहीत, सगळे एकत्र साठवले. १९८० च्या अखेरीस बँड मोडला तेव्हा प्रश्न आला की पैसे वाटून घ्यायचे की आठवण म्हणून रेकॉर्ड काढायची? त्यांनी रेकॉर्ड काढली. सात इंची, तिच्यावर आठ गाणी, प्रती १,०००. आणि ती काढायची म्हणून ‘डिस्कॉर्ड’ नावाची स्वतःची कंपनी काढली. कंपनी कसली! सुरुवातीला तिचा पत्ता इयनच्या आईवडिलांच्या घराचाच होता.

रेकॉर्डचे कव्हर कसे करतात हे त्यांना कुठे ठाऊक? इंग्लंडहून आलेल्या एका रेकॉर्डचे कव्हर त्यांनी चिकटवलेल्या जागी उकलले, सपाट पसरून त्याचा आकार गिरवून घेतला आणि तसा कागद छापून आणला. मग मित्रमंडळी जमवून कात्रीने कापायचे, घडी घालायची, गोंद लावायचा. पुढच्याही कित्येक रेकॉर्डची कव्हरे अशीच हातांनी केली. ब्लाउजचा बेत चुकू नये म्हणून जुना ब्लाउज उसवून त्यावर नवा बेतणाऱ्या आपण, आपल्याला यात नवल वाटायला नको!

हे ऐकताना मला गिरगावच्या गच्चीची आठवण झाली. १९५९ साली सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला बसायचे ठरवले, त्यातून लिज्जत उभे राहिले. या पोरांचे पापड वेगळे, एवढेच. दुकानदार आपल्याला दारात उभे करणार नाही तर आपणच लाटू, आपणच बांधू, आपणच विकू, हा बाणा तोच. डिस्कॉर्डने फक्त वॉशिंग्टन आणि भोवतालच्या बँडच्याच रेकॉर्ड काढल्या, किमती मुद्दाम कमी ठेवल्या आणि बँडबरोबर लेखी करारसुद्धा केले नाहीत. शब्दावर कारभार. दुसरी रेकॉर्ड काढायला पैसे कुठून आले माहीत आहे? तिच्यात गाणारा हेन्री आइस्क्रीमच्या दुकानात नोकरीला होता, त्याने आपल्या कमाईतून दिले. तोच पुढे हेन्री रोलिन्स म्हणून सर्वांना ठाऊक झाला.

माझ्या हातून उन्हात वळली ती टीन आयडल्सची रेकॉर्ड होती. त्या हजारांतली एक. कव्हर मी सावलीला ठेवले म्हणून तेवढे वाचले.

हातावरची फुली

त्या कव्हरावर एक छायाचित्र आहे. दोन आवळलेल्या मुठी आणि त्यांच्यावर काळ्या शाईने काढलेल्या मोठ्या फुल्या. अक्का म्हणाली, ‘या फुल्यांनी माझी झोप उडवली होती गं.’

झाले होते असे. १९८२ साली भाचा चौदा-पंधरा वर्षांचा. एका रात्री कार्यक्रमाहून घरी आला तो दोन्ही हातांवर फुल्या काढून. अक्काला वाटले, पोरगा कुठल्या पंथात गेला की काय! भावजी तर त्याचे बारीक कापलेले केस बघूनच आधी बिथरलेले. ‘आम्ही इतक्या लांब येऊन राबतो ते याच्यासाठी?’ असे रोज एकदा तरी व्हायचे. त्यात दिवाळीची पार्टी आली. घर पाहुण्यांनी भरलेले, पुरुषमंडळींच्या हातांत व्हिस्कीचे पेले. आणि हा तसाच फुल्यांचे हात घेऊन जिना उतरला. भावजी सगळ्यांदेखत कडाडले, ‘हे काय थेर आहेत? बिघडलास तू पार!’

पोराने शांतपणे हात पुढे केले. म्हणाला, ‘बाबा, या फुलीचा अर्थ, मला दारू द्यायची नाही.’

खरेच होते ते. १९८० च्या उन्हाळ्यात टीन आयडल्सची पोरे कॅलिफोर्नियाला गेली होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका क्लबात कार्यक्रम होता. तिथे दारू विकत, म्हणून वयात न आलेल्या पोरांच्या हातांवर फुली मारून मगच त्यांना आत घेतले. फुली दिसली की त्याला दारू द्यायची नाही. मुलांनी वॉशिंग्टनला परत येऊन ‘९:३० क्लब’ या तिथल्या क्लबाला हीच युक्ती सांगितली. आम्हांला दारू नको, गाणे ऐकू द्या. पुढे इयन मकायने ‘मायनर थ्रेट’ हा नवा बँड काढला, त्याचे १९८१ चे पाऊण मिनिटाचे एक गाणे आहे, ‘स्ट्रेट एज’. अमली पदार्थांपासून लांब राहणार, असे ते सांगते. त्या गाण्याच्या नावाने पुढे जगभर तरुणांची एक रीतच पडली. फुली ही तिची खूण.

या संगीतातले सगळेच असे सोवळे होते असे मात्र समजू नका. ज्यांना हे पटत नव्हते अशी पोरेही पुष्कळ होती आणि कार्यक्रमांत धक्काबुक्कीही चाले. पण आमच्या भाच्याने मात्र ती फुली मनावर घेतली. आज पन्नाशी उलटली तरी तो दारूला शिवत नाही.

अक्का सांगत होती, त्या रात्री भावजींच्या हातातला पेला तसाच राहिला. ते गाणे त्यांना कधीच आवडले नाही. पण त्यानंतर कार्यक्रम असला की मोटार काढून मुलाला पोहोचवायचे आणि रात्री आणायचे काम ते स्वतः करू लागले. बाहेर गाडीत बसून वर्तमानपत्र वाचायचे. भावजी आता नाहीत. भाचा म्हणतो, ‘बाबा गाडीत बसलेले असायचे ना, म्हणून मला ही रेकॉर्ड आठवते, मावशी. गाण्यासाठी नाही.’

मैत्रिणींनो, सोलापूरच्या ताईंनी हे वाक्य पदराला गाठ मारून ठेवावे. आपल्याला अडगळ दिसते तिथे समोरच्याला काय दिसत असते, ते विचारल्याखेरीज कळत नाही.

एवढे पैसे कशाचे?

सुनेची तक्रार मात्र खोटी नाही. या छंदात पैसा जातो, आणि बेताने नाही गेला तर संसाराला झळ लागते.

किंमत असते ती पहिल्या खेपेच्या प्रतींना. छोट्या कंपन्या, हजार-पाचशे प्रती, त्याही पोरांनी वाजवून वाजवून झिजवलेल्या, तेव्हा चांगल्या राहिलेल्या थोड्या. टीन आयडल्सची मूळ प्रत आज शेकडो डॉलरना जाते. मायनर थ्रेटच्या पहिल्या छोट्या रेकॉर्डचे पहिल्या खेपेचे कव्हर लाल, मागाहूनची इतर रंगांची. गाणी तीच, पण लाल कव्हराचा भाव निराळा. आपल्यात एकाच घडणीच्या पाटल्यांत ‘आजीच्या हातच्या’ पाटल्यांना वेगळे मोल असते, तसे म्हणा ना! रेकॉर्डच्या मधल्या कागदापाशी जी गुळगुळीत पट्टी असते तिच्यावर क्रमांक कोरलेला असतो, कधी एखादा खोडकर शेराही असतो. जाणकार आधी तो उजेडात धरून वाचतात. कारण या रेकॉर्डच्या नकलाही पुष्कळ झाल्या आहेत. कव्हरावरचे चित्र धूसर, कोरलेला क्रमांक वेगळा, म्हणजे नक्कल समजावी.

पण ज्याला गाणी ऐकायची आहेत त्याला मूळ प्रतच हवी असे नाही. डिस्कॉर्डने स्वतःच १९८४ साली आपल्या चार जुन्या छोट्या रेकॉर्ड एका मोठ्या रेकॉर्डवर एकत्र करून काढल्या. अशा नव्या आवृत्त्या पुष्कळ कमी पैशांत मिळतात. हे मुलाला ठाऊक असणारच. सुनेलाही ठाऊक असावे, म्हणजे ‘ही ऐकण्यासाठी की ठेवण्यासाठी?’ एवढा प्रश्न तिला विचारता येईल.

तर ताई, आता तुमचे उत्तर

विकायला लावू नका. मुलगा तुमचा शब्द मोडणार नाही, म्हणूनच तो शब्द जपून खर्च करा. अडीनडीला, खऱ्या संकटात उपयोगी पडेल असा तो ऐवज आहे. फडताळ रिकामे करण्यासाठी तो मोडू नका.

पण सुनेलाही ‘पुरुषांचं असंच असतं’ म्हणून गप्प बसवू नका. जागा बाळाची ठरली होती, ती बाळाला मिळालीच पाहिजे. तुम्ही मध्ये पडून निरोप्या होऊ नका. दोघांना एकत्र बसवा आणि पुढच्या गोष्टी त्यांच्याकडूनच ठरवून घ्या.

एक. पोचल्यावर दोन-चार दिवसांनी, सून विश्रांती घेत असताना, मुलाला म्हणा, ‘मला तुझी आवडती एक रेकॉर्ड लावून दाखव.’ दीड मिनिटाचे तर गाणे! आवडले नाही तर नाही म्हणा. पण ती कुठून आणली, पहिल्यांदा कुणाकडे ऐकली, ते विचारा. मग जागेची गोष्ट काढा. या क्रमानेच, उलट नको.

दोन. हुकूम देऊ नका, माप द्या. पाळण्याची लांबी-रुंदी, भोवती फिरायला लागणारी जागा कागदावर लिहून त्याच्या हातात ठेवा. बाकीचे तो करील. एक फूट फळीत साठ-सत्तर मोठ्या रेकॉर्ड उभ्या मावतात आणि छोट्या शंभराच्या आसपास. म्हणजे नीट लावल्या तर बैठकीच्या खोलीतली एक भिंत कदाचित पुरेल. जमवणाऱ्याकडे एकाच रेकॉर्डच्या दोन-दोन प्रतीही असतात. त्या तो आपणहून काढील, तुम्ही बोट दाखवू नका.

तीन. महिन्याचा आकडा ठरवा. भिशीचा हप्ता ठरतो तसा. घरखर्च, बाळाची शिल्लक बाजूला काढल्यावर जे उरेल त्यातली ठरलेली रक्कम त्याची. एका महिन्यात नाही खर्चली तर पुढे साठवावी. मोठी खरेदी करायची तर बायकोला आधी सांगून. असे एकदा ठरले की लपवाछपवी थांबते, आणि तुमच्या सुनेला खुपते आहे ते पैशांपेक्षा लपवणे असेल, असा माझा अंदाज आहे.

चार. वही घाला. कोणती रेकॉर्ड, कोणत्या खेपेची, केवढ्याला घेतली, साधारण भाव काय. इंटरनेटवर ‘डिस्कॉग्स’ नावाचे स्थळ आहे, तिथे झालेल्या विक्रीचे भाव बघता येतात. आपण दागिन्यांची यादी ठेवतो ना, तशीच ही. उद्या वेळ आलीच तर हा संग्रह किलोवर जाऊ नये. घरच्यांना किंमत माहीत नसल्याने असे कित्येक खोके फुकापासरी जातात.

पाच. बाळ येण्याआधी काही गोष्टी करायलाच हव्यात. शंभर मोठ्या रेकॉर्डचे वजन वीस-पंचवीस किलो भरते. तेव्हा पाळण्याच्या वर भिंतीवर अशी फळी मुळीच नको. कपाट भिंतीला पक्के जखडलेले असावे. तिकडच्या भिंती बहुधा आपल्यासारख्या विटांच्या नसतात. आतल्या उभ्या लाकडी दांड्याला स्क्रू बसला पाहिजे, नुसत्या पातळ तक्त्याला नाही. रांगते मूल कपाट धरूनच उभे राहते! छोट्या रेकॉर्डच्या मोठ्या भोकात बसवायच्या प्लास्टिकच्या चकत्या, वरच्या प्लास्टिकच्या पिशव्या आणि पुसायची औषधे उंचावर, बंद डब्यात. चकती तोंडात जाते, पिशवी तोंडावर येते. आणि गाणी कानाला लावून ऐकावीत, तान्ह्या कानांवर तो मारा नको. खोके हलवायचे काम मुलाचेच. सुनेने उचलायचे नाही, आणि ताई, तुम्हीही नाही.

ज्यांच्या घरी रेकॉर्ड आहेत त्यांच्यासाठी

सोलापूरचे निमित्त झाले, पण आजोबांच्या नाट्यसंगीताच्या, लताबाईंच्या गाण्यांच्या रेकॉर्ड पुष्कळ घरांत असतील. चार गोष्टी लक्षात ठेवा.

ऊन दाखवू नका! मी दाखवले, तेवढे पुरे झाले. पत्र्याखालचा माळा नको, गॅसजवळ नको, तळघराची किंवा मोरीशेजारची ओलही नको.

रेकॉर्ड पुस्तकासारख्या उभ्या ठेवाव्यात. एकावर एक रचल्या की खालच्या वाकतात, आणि कलत्या ठेवल्या तरी वाकतात. धरताना कडेला आणि मधल्या कागदाला धरावे, बोटे रेघांवर टेकवू नयेत.

धूळ मऊ ब्रशने रेघांच्या दिशेने, गोल गोल काढावी, आडवी नव्हे. फारच मळली असेल तर शुद्ध पाण्यात सौम्य साबणाचा थेंब टाकून मऊ फडक्याने पुसावी, मग साध्या शुद्ध पाण्याने पुसून सावलीत उभी करून वाळवावी. मधला कागद भिजू देऊ नये. पावडर, खोबरेल असले काही लावू नये.

सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे जुन्या जड, ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्ड वेगळ्या आणि नंतरच्या हलक्या वेगळ्या. जुन्यांत लाख असते. होय, बांगड्यांची तीच लाख, ती आपल्याच देशातून जगभर जात असे. त्या रेकॉर्ड पडल्या की काचेसारख्या फुटतात आणि स्पिरिटने विरघळतात. त्यांना स्पिरिट कदापि लावू नये. नंतरच्या व्हायनल प्लास्टिकच्या, त्या सहजी फुटत नाहीत पण उन्हाने वाकतात. कव्हरावर घालायच्या पिशव्या पॉलिथीनसारख्या मऊ, साध्या असाव्यात. जाड, वास येणारे चकचकीत प्लास्टिक वर्षानुवर्षे राहिले तर रेकॉर्डवर धुरकट डाग पाडते.

आणि कव्हरांच्या कडा फाटू लागल्या तर? सॅन फ्रान्सिस्कोत ‘मॅक्सिमम रॉकन्रोल’ नावाचे पंक संगीताचे मासिक होते. १९८२ साली सुरू झालेले, छापील अंक २०१९ पर्यंत निघाले. त्यांच्या मोठ्या संग्रहातल्या रेकॉर्डच्या कव्हरांच्या कडांना हिरवी चिकटपट्टी लावलेली असते. साडीला फॉल लावावा तशी! विकायच्या रेकॉर्डला असे करू नये, भाव उतरतो. पण ज्यांना विकायचेच नाही त्यांना भावाचे काय?

शेवटचे

वॉशिंग्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०१४ साली शहरातल्या पंक संगीताचा खास संग्रह सुरू केला. मेरीलँड विद्यापीठाच्या ग्रंथालयातही तिथल्या पोरांनी त्या काळी घरी छापलेली छोटी मासिके जपून ठेवली आहेत. शेजारीपाजारी ज्या पोरांना नावे ठेवीत, त्यांच्या चिठ्ठ्याचपाट्या आता काचेच्या पेटीत जाण्याच्या योग्यतेच्या झाल्या! आमचा भाचा म्हणतो, माझ्या पश्चात सगळे ग्रंथालयाला द्या, मुलांवर ओझे नको. ताई, तुमच्या मुलालाही पुढेमागे हे सुचवून ठेवा. जमवण्याइतकेच, कुठे पोचवायचे ते ठरवणेही छंदातच येते.

त्या वळलेल्या रेकॉर्डचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. ती आता वाजत नाही, सुई तिच्यावरून उडी मारते. मी पैसे भरून द्यायचे म्हटले तेव्हा भाचा हसला. दुसरी प्रत त्याने घेतली नाही. तीच, त्या हाताने चिकटवलेल्या कव्हरासकट, त्याच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर चौकटीत लावली आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, ‘ही माझ्या मावशीनं वाळत घातली होती.’

पुढच्या आठवड्यात वाळवणांबद्दल लिहायचे आहे. खऱ्या वाळवणांबद्दल, बरं का! कुरडयांचा चीक बिघडतो अशी बऱ्याच जणींची तक्रार आहे, त्यांनी आपले प्रमाण कळवावे. आणि सोलापूरच्या ताईंनी, बारसे झाले की बाळाचे नाव कळवायला विसरू नये.